मिठाला जागलेला कागद

फायाल बेटावर, ऑर्ताच्या बंदराजवळ,
बेल्शियोर फुर्तादोंचं औषधांचं दुकान होतं.
मी तिथे बाटल्या धुवायची.
नाव उंबेलिना. वय तेव्हा चौदा,
किंवा पंधरा. आमच्याकडे कोणी मोजत नसे.

आधी चमचे गेले.
बाईंच्या माहेरचे, सहा, चांदीचे,
तेजाबात साखरेसारखे विरघळले.
बाई म्हणाल्या,
लोकांची धंद्यात चांदी होते,
आमच्या चांदीचं पाणी झालं.

ते पाणी अंधारात कागदाला लावायचं,
एकाच दिशेने, श्वास रोखून.
मग कागद पेटीत.
पेटी शवपेट्या करणाऱ्या सुताराने केलेली,
त्याच लाकडाची, त्याच खिळ्यांची,
फक्त हिला एक डोळा होता,
देवमासे मारणाऱ्या एका कप्तानाने
पत्त्यांत हरलेल्या दुर्बिणीतला.

पेटी अंगणात ठेवायची आणि थांबायचं.
अर्धा तास. ढग आला तर तास.
मालक तिच्याशेजारी उकिडवे बसत,
अंड्यावरच्या कोंबडीसारखे,
आणि मला म्हणत, हळू चाल, उजेड हलतो.

चित्र यायचं.
खरंच यायचं, विहिरीचा काठ, अंजिराचं झाड,
सगळं उलटं, पांढरी भिंत काळी, काळं दार पांढरं.
पण मालक ते बाईंना दाखवायला खिडकीशी नेत
तेवढ्यात कागद काळं तोंड करून निघून जाई.
बाई म्हणत, हो, दिसलं.
त्यांना काही दिसलेलं नसे.

म्हणून रात्री.
एकाच मेणबत्तीत, दार लावून,
चोरून दारू प्यावी तशी ते चित्रं बघायचे.
एकदा बघितलं की थोडं कमी,
दुसऱ्यांदा त्याहून कमी.
मी दाराच्या फटीतून म्हणाले,
मग बघू नका ना.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझी बोटं काळी पडली, धुतली तरी जाईनात.
पाद्री मिगेल अंतोनियोंनी प्रसाद द्यायला हात पुढे केला
आणि माझी नखं बघून मागे घेतला.

आता ती गोष्ट.
मी ती कधी कुणाला नीट सांगितलेली नाही.
मालकांनी मला खुर्चीवर बसवलं.
माणूस हवा, म्हणाले. हलू नकोस.
मी बसले. नाकावर माशी बसली, तरी बसले.
आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलं.
मी धावले.

मालक ओरडले नाहीत, ते वाईट.
कागद काढून माझ्या हातात दिला,
टाकून दे, म्हणाले.
मी तो टाकला. कुठे, ते बघितलं नाही.
बांगड्यांच्या पिंपात, खारवणीच्या पाण्यात.

दुसऱ्या दिवशी मासे काढताना तो वर आला.
भर दुपार होती, डोक्यावर ऊन.
मी हाक मारली नाही, किंचाळले.
उन्हात कागद पिवळटला, पण काळा झाला नाही.
आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे,
माशांचा वास, गळणारं पाणी,
आणि मालक पुन्हा पुन्हा म्हणत होते,
मीठ. मीठ. घरातलंच मीठ.
पोटभर खाल्लं म्हणून जागला.

त्यांनी लिस्बनला पत्र लिहिलं, सात पानांचं.
उत्तर आठ महिन्यांनी आलं, दोन ओळींचं:
हे इतरत्र पूर्वीच साधलेलं आहे.
मालकांनी पत्राची घडी घातली,
आणि गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं.
पैसे घ्यायला विसरले.

ते गेले, बाई गेल्या, दुकानात आता दोरखंड विकतात.
कागद माझ्याकडे आहे.
अंगण काळं, आकाश त्याहून काळं,
मधोमध खुर्ची, तिचा प्रत्येक दांडा स्पष्ट.
आणि खुर्चीवर
थोडं धुकं, खांद्याच्या उंचीचं,
माझ्या काळ्या शालीचं पांढरं.

नातवंडं विचारतात, यात तू कुठे आहेस?
मी बोट ठेवते.
म्हणतात, तिथे तर खुर्ची दिसते.
हो, म्हणते. माझ्यातून.
दूध उतू गेलं होतं.